फुप्फुसाची सोनोग्राफी एमबीबीएसच्या मुलांना शिकवायची आहे: मॅनिकिन घ्यावं की पैसे दुसरीकडे लावावेत?

वॉर्ड_नंबर_बारा

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका कॉलेजात फायनल पार्ट वनच्या मुलांना लंग अल्ट्रासाउंडची तोंडओळख करून द्यायचं ठरलंय. बॅच १५० ची. स्किल लॅबसाठी मंजूर पैशांतून एक मॅनिकिन घ्यायचा विचार आहे. डीलरने डेमो दिला. रबरी छातीवर खोटा प्रोब टेकवला की शेजारच्या स्क्रीनवर त्या जागेची क्लिप सुरू होते, आणि न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा), इफ्युजन (फुप्फुसाबाहेर साठलेलं पाणी), पल्मनरी इडीमा (फुप्फुसातच भरलेलं पाणी) अशा केसेस बटणावर बदलतात. दिसायला झकास, पण प्रोब तिरका धरला तरी चित्र तेच राहत होतं, ते खटकलं.

हाताशी आयसीयूतलं एक जुनं ट्रॉलीवालं मशिन आहे, लिनिअर (सरळ तोंडाचा, उथळ भागासाठी) आणि कर्व्हिलिनिअर (वक्र तोंडाचा, खोल भागासाठी) दोन्ही प्रोब आहेत, दुपारी दोन ते चार मिळू शकतं. शिकवायला दोन लेक्चरर, चार रेसिडेंट.

मॅनिकिनवर नक्की काय शिकवता येतं? घरगुती फॅन्टम (सरावाची नकली छाती) कोणी बनवत असेल तर प्रमाणासकट सांगा. आणि एका मशिनवर १५० मुलं बसवायची कशी?

बिनभूल

तुम्हाला जे खटकलं तिथेच मेख आहे. या मॅनिकिनच्या कातडीखाली ठरावीक जागी टॅग असतात. प्रोबने टॅग ओळखला की आधी रेकॉर्ड केलेली क्लिप चालू होते. त्यामुळे दोन गोष्टी त्यावर छान शिकवता येतात: छातीवर कुठल्या क्रमाने कुठे प्रोब ठेवायचा, आणि समोर आलेल्या चित्राचा अर्थ काय. ते चित्र हाताने मिळवणं मात्र त्यावर येत नाही, कारण ते आयतंच मिळतं. मुलं दोन फेऱ्यांत टॅगच्या जागा पाठ करतात आणि मग छाती न बघता जागा शोधत बसतात. काही महागड्या मॉडेलमध्ये प्रोबचा कोन मोजणारे सेन्सर असतात, तिथे चित्र खरंच बदलतं. डेमोला प्रोब मुद्दाम कलता करून, फिरवून, अर्धवट उचलून बघा.

या विषयात कोनालाच सगळं महत्त्व आहे. ए-लाइन म्हणजे प्रोब आणि प्लुरा (फुप्फुसावरचं आवरण) यांच्यामध्ये आवाजाच्या खेपांनी उमटणाऱ्या आडव्या रेघा. प्लुरा २ सेंटिमीटरवर असेल तर ए-लाइन ४ वर आणि ६ वर. पण बीम प्लुरावर काटकोनात पडला तरच. प्रोब जरासा कलला की ए-लाइन पुसट होतात, प्लुरल लाइन जाड आणि धूसर दिसते, आणि मूल छातीठोकपणे सांगतं की प्लुरा इरेग्युलर आहे. टॅगवाल्या मॅनिकिनवर ही चूक होऊच शकत नाही, म्हणून ती सुधारताही येत नाही.

त्यामुळे माझं मत असं, की सुरुवात जिवंत छातीवर करा. लिनिअर प्रोब, खूण डोक्याकडे, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे उभा. डेप्थ ५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना बरगडी आणि तिची काळी सावली, मधे बरगडीच्या पृष्ठभागाच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली चमकती आडवी रेघ. हा बॅट साइन. तो पक्का मिळेपर्यंत स्लायडिंगचं (श्वासाबरोबर प्लुरा सरकण्याचं) नावही काढायचं नाही. नवशिके बरगडीच्या रेघेलाच प्लुरा समजतात. बरगडीची रेघ कमानदार आणि खाली सावली टाकणारी, प्लुराची जवळजवळ सरळ, एवढं ठसवलं की पुढचं सोपं जातं. दुसरा घोळ फॅशियाचा, म्हणजे स्नायूवरच्या पातळ आवरणाचा. श्वासाबरोबर बरगड्यांमधला स्नायू आणि त्याची फॅशिया हलते, ती बघून मुलं 'स्लायडिंग आहे' म्हणतात. नजर प्लुरल लाइनच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या भागावर ठेवायला सांगा. वरचं स्थिर आणि खालचं सरकतंय, असं दोन्ही एकदम दिसलं पाहिजे.

मग श्वास रोखायला सांगा. स्लायडिंग थांबतं आणि एम-मोडमध्ये (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारं चित्र) वाळूसारखा भाग जाऊन आडव्या रेघांचा बारकोड येतो. इथे एक सावधगिरी: डाव्या बाजूला श्वास रोखल्यावरही हृदयाच्या ठोक्यागणिक प्लुरा बारीक थरथरतो, तो लंग पल्स. खऱ्या न्यूमोथोरॅक्समध्ये तो नसतो. म्हणजे श्वास रोखून दाखवलेलं चित्र न्यूमोथोरॅक्सची हुबेहूब नक्कल नाही, हे तिथल्या तिथे सांगितलं नाही तर मुलं चुकीचंच शिकून जातात.

त्यानंतर कर्व्हिलिनिअर, उजवीकडे पोस्टीरिअर ॲक्झिलरी रेषा, डेप्थ १२ ते १५. आधी डायफ्राम आणि लिव्हर, मग श्वासाबरोबर फुप्फुस पडद्यासारखं खाली येऊन त्यांना झाकतं ते. डायफ्राम बोटाने दाखवल्याशिवाय कशालाही नाव द्यायचं नाही, हा नियम सक्तीचा करा. नाहीतर लिव्हरला कन्सॉलिडेशन (हवा जाऊन घट्ट झालेलं फुप्फुस) आणि डावीकडे जठरातल्या हवेला भलतंसलतं काहीतरी म्हणणारे हमखास निघतात.

आता १५० चं गणित. एका वेळी २० मुलं, चार टेबलं, टेबलावर पाच जण, २० मिनिटांनी भोंगा. सुरुवातीची २० मिनिटं सगळ्यांना एकत्र धरली तर शंभर मिनिटांत सत्र संपतं, तुमच्या दोन तासांत बसतं. अशी आठ सत्रं. चार रेसिडेंट चार टेबलांवर, लेक्चरर फिरते. मशिन एकच, म्हणजे मशिनच्या टेबलावर दर मुलाला प्रोब मिळतो जेमतेम चार मिनिटं. ती चार मिनिटं मशिनची बटणं समजावण्यात घालवू नका, बटणं सुरुवातीच्या २० मिनिटांत प्रोजेक्टरवर उरका. एकाच्या हातात प्रोब असताना दुसऱ्याच्या हातात चेकलिस्ट द्या, तिसऱ्याने खोली आणि गेन (चित्राचा उजळपणा) सांभाळायचा. फॅन्टमलाही मशिन लागतं, म्हणून तोही त्याच २० मिनिटांत प्रोजेक्टरवर दाखवा. बाकी तीन टेबलांवर मॅनिकिन किंवा लॅपटॉपवरच्या नॉर्मल क्लिपा, आजाराच्या क्लिपा, आणि मित्राच्या छातीवर नुसत्या डस्टरने झोन (छातीचे ठरलेले भाग) दाखवणं. शेवटचं पोरकट वाटेल, पण झोनची नावं आणि प्रोबची दिशा त्यातच बसते.

जिलेटिनवाला

फॅन्टमचं मी सांगतो. बरगड्या, छातीची भिंत आणि खाली स्पंज, एवढ्यावर बरंच भागतं.

छातीच्या भिंतीसाठी बिनवासाचं, बिनसाखरेचं जिलेटिन, १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम. क्रॉफर्ड मार्केटला बेकरीचं सामान मिळतं तिथे सुटं मिळतं. आधी थंड पाण्यात दहा मिनिटं फुगू द्यायचं, मग मंद आचेवर ढवळत विरघळवायचं. उकळी आणायची नाही, पकड जाते. नुसतं जिलेटिन स्क्रीनवर काळंभोर दिसतं, ते टिश्यूसारखं दिसावं म्हणून १० ग्रॅम इसबगोल, मिक्सरमधून बारीक करून. जाड राहिला तर मोठे ठिपके येतात, जास्त पडला तर आवाज आतच विरतो आणि ए-लाइन दिसेनाशा होतात. वरचा फेस चमच्याने काढून टाका. आत राहिलेला प्रत्येक बुडबुडा स्क्रीनवर खाली शेपूट सोडतो आणि मुलं त्याला बी-लाइन (ओल्या फुप्फुसात दिसणारी उभी रेघ) म्हणतात.

चपट्या प्लास्टिकच्या डब्याला आतून क्लिंग फिल्म लावा, सुरकुती नको. आधी अर्धा सेंटिमीटर थर ओतून फ्रिजमध्ये गोठवा. त्यावर जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या, मधे २ सेंटिमीटर जागा सोडून, या बरगड्या. मग कोमट झालेलं मिश्रण हळूच ओतून आणखी दीड सेंटिमीटर. गरम ओतलंत तर खालचा थर वितळून पट्ट्या तरंगतात. रात्रभर फ्रिज. पट्ट्यांपासून तळ अर्धा सेंटिमीटरवर येतो, म्हणजे बॅट साइन जिथे हवा तिथेच.

डब्यातून फिल्मसकट काढा. खाली नुसती हवा असेल तर ए-लाइन. आता स्वयंपाकघरातला पिवळा सेल्युलोजचा स्पंज एकदा भिजवून घट्ट पिळून घ्या, फिल्मच्या खालच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा आणि स्पंज लावा. २० मिलिच्या सिरिंजने स्पंजमध्ये ५-५ मिली पाणी सोडत जा. आधी एखाददुसरी उभी रेघ, मग तीन-चार, मग त्या एकमेकींत मिसळून पांढरं फुप्फुस. हवा आणि पाणी यांचं मिश्रण बदललं की बी-लाइन कशा वाढतात, हे मुलांना स्वतः सिरिंज दाबून बघता येतं. एवढं एक प्रात्यक्षिक तासाभराच्या लेक्चरला भारी आहे. स्पंजला दोरा बांधून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मागेपुढे ओढला की स्लायडिंग. फिल्म कोरडी पडली की मधे हवा शिरते आणि सगळं परत ए-लाइन होतं, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी पाणी शिंपडा. योगा मॅटचा किंवा पॅकिंगचा बंद छिद्रांचा फोम आणू नका, पाणी आत जातच नाही.

इफ्युजनसाठी मुदत संपलेली ५०० मिलिची सलाइनची पिशवी. आतली हवा सिरिंजने पूर्ण काढा, मागे पूर्ण भिजलेला स्पंज ठेवा, वर जिलेटिनची लादी आणि सगळ्या थरांमध्ये जेली. काम होतं.

मुंबईत खरी अडचण उकाड्याची. मे महिन्यात एसी बंद असेल तर लादी तासाभरात लिबलिबीत होते. दोन लाद्या करा आणि आलटून पालटून फ्रिजमध्ये ठेवा, किंवा जिलेटिन लिटरला १२० ग्रॅमपर्यंत न्या. चायना ग्रास वापरलं तर उकाड्यात टिकतं, पण ठिसूळ असतं, प्रोब दाबला की तडा जातो आणि तड्यातून हवा. बाहेर ठेवलेल्या लादीवर दोन दिवसांत बुरशी येते, तेव्हा सत्र संपलं की फेकून द्या. मटणवाल्याकडून बकऱ्याचा सीना आणून काम करणारेही आहेत. चित्र सुंदर येतं, पण बरगड्या जवळजवळ असतात, वास येतो, प्रोबला कव्हर लागतं आणि कचऱ्याची जबाबदारी तुमची. एमबीबीएसच्या मुलांसाठी तेवढा खटाटोप नको.

काहीच बनवायला वेळ नसेल तर स्वतःचा तळहात. जेली लावून ओल्या स्पंजवर पालथा ठेवा, लिनिअर प्रोब हाताच्या पाठीवर आडवा. मेटाकार्पल म्हणजे बरगड्या, तळव्याची खालची कडा म्हणजे प्लुरा. दुसऱ्याने स्पंज सरकवला की स्लायडिंग, थांबवला की बंद.

किरणोत्सारी

रेडिओलॉजीकडून दोन गोष्टी, त्यातली पहिली तांत्रिक नाही.

मशिन आयसीयूतून स्किल लॅबमध्ये ढकलत न्यायच्या आधी तुमच्या संस्थेतल्या पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचं) काम बघणाऱ्या व्यक्तीला विचारा. १९९४ च्या कायद्याखाली नोंदणी संस्थेची आणि जागेची असते, मशिनची मेक आणि सीरियल नंबरसकट नोंद असते. जागा किंवा मशिन बदलायचं तर समुचित प्राधिकाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं. मुंबईत तो मामला महापालिकेकडे. छातीच बघणार आहोत, असा बचाव चालत नाही, कायदा मशिनवर लागतो. हातात मावणारा नवा प्रोब घेतला तरी हेच: नोंदणी नसलेल्याला तो विकणंही बेकायदा आहे. आवाजच न सोडणारा, फक्त क्लिपा दाखवणारा सिम्युलेटर यात येत नाही. मॅनिकिनच्या बाजूने बोलायचं तर हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, आणि डीलर तो सांगत नाही. सोपा मार्ग असा की मशिन नोंदलेल्या जागीच ठेवा आणि मुलांनाच तिकडे न्या.

दुसरी गोष्ट सेटिंगची. जुन्या मशिनवर लंग प्रीसेट बहुतेक नसेल, मुलं ॲब्डोमेन लावतील. त्यात कम्पाउंड इमेजिंग चालू असतं. ते वेगवेगळ्या कोनांतून बीम सोडून चित्र गुळगुळीत करतं, म्हणजे आपल्याला हवी असलेली कृत्रिम चिन्हंच पुसून टाकतं. कम्पाउंड बंद, हार्मोनिक्स बंद, पर्सिस्टन्स शून्य, स्पेकल रिडक्शन कमीत कमी, फोकस प्लुरावर. गेन इतकाच ठेवा की बरगडीची सावली काळी राहील. हे सगळं नव्या नावाने सेव्ह करा, जुन्या प्रीसेटवर नको. नाहीतर त्याच रात्री आयसीयूचा रेसिडेंट लिव्हर बघायला जाईल आणि तुमच्या नावाने बोटं मोडेल. एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, आवाजाच्या जोराचा स्क्रीनवरचा आकडा) चित्र मिळेल तितका कमी ठेवा, आणि एकाच जागी प्रोब धरून गप्पा नकोत. पुसायला स्पिरिट वापरण्याआधी प्रोबचं मॅन्युअल बघा, कित्येक कंपन्या अल्कोहोलला मनाई करतात.

बिनभूल यांच्या ५ सेंटिमीटरला एक पुरवणी. बी-लाइन लिनिअरवर ५ सेंटिमीटर खोलीत शिकवू नका. बी-लाइन प्लुरापासून निघून न विरता स्क्रीनच्या तळापर्यंत जाते, वाटेत ए-लाइन पुसते आणि स्लायडिंगबरोबर हलते. प्लुरापासून निघून दोन-तीन सेंटिमीटरवर विरणाऱ्या झेड-लाइन निरोगी माणसातही असतात. खोली कमी ठेवली तर दोन्ही तळापर्यंत गेल्यासारख्याच दिसतात. कर्व्हिलिनिअर, खोली निदान १०.

वॉर्ड_नंबर_बारा

सगळ्यांचे आभार. मशिन जागेवरच ठेवतो, मुलांना आयसीयूशेजारच्या डेमो रूममध्ये आणतो, ती नोंदलेल्या जागेत येते का ते विचारून घेतो. मॅनिकिनऐवजी क्लिपांवर भागेल असं आता वाटू लागलंय. क्लिपा आणि केसेस कशा निवडायच्या? परीक्षा घ्यायची तर कशी? आणि जिवंत छाती म्हणजे मुलांचीच ना?

क्षयपक्ष

शेवटच्या प्रश्नापासून. वर्गमित्रांवर करायचं तर लेखी संमती घ्या, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. मुलींसाठी वेगळी खोली आणि पडदा. स्वयंसेवक म्हणून रेसिडेंट बसले तर मुलं जास्त मोकळी राहतात. आणि कोणाच्या छातीत खरंच काही सापडलं तर कोणी, कुठे, कोणाला सांगायचं हे आधी ठरवा. निरोगी दिसणाऱ्या मुलात पातळसं इफ्युजन निघणं आपल्या शहरात अशक्य नाही, आणि ते पाच मित्रांसमोर जाहीर करायची गोष्ट नाही.

क्लिपा सहा सेकंदांच्या, म्हणजे निदान एक पूर्ण श्वास. नाव, नोंदणी क्रमांक, तारीख फक्त स्क्रीनवरून झाकून चालत नाही, फाइलच्या आतल्या माहितीतूनही काढा. दहा क्लिपांत निदान तीन नॉर्मल हव्यात आणि एक अशी की जिच्यावरून काहीच सांगता येणार नाही: प्रोब कललेला, गेन चढवलेला. सगळ्या क्लिपा आजाराच्याच असतील तर मुलं निरोगी प्लुरामध्येही काहीतरी शोधून काढतात. 'यावरून सांगता येत नाही, पुन्हा बघतो' हे उत्तर बरोबर धरा, पूर्ण गुण द्या.

केसेस इथल्याच घ्या. आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस): ऑगस्ट महिना, गुडघाभर पाण्यातून चालून आलेला माणूस, ताप, डोळे लाल, धाप. दोन्हीकडे बी-लाइन, पण मधेमधे मोकळे पट्टे, प्लुरा खडबडीत, ठिकठिकाणी प्लुरालगत छोटी कन्सॉलिडेशन. त्याच्याशेजारी हार्ट फेल्युअर: बी-लाइन दोन्हीकडे सारख्या, प्लुरा गुळगुळीत, बहुधा दोन्हीकडे इफ्युजन. या दोन क्लिपा शेजारी ठेवल्या की 'बी-लाइन म्हणजे पाणी, द्या लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध)' ही सवय लागायच्या आधीच मोडते. लेप्टोमध्ये बी-लाइनमागे फुप्फुसातला रक्तस्रावही असू शकतो, आणि सोनोग्राफीला पाणी कुठलं आणि रक्त कुठलं हे कळत नाही, हेही सांगा. मग डेंग्यू: ताप उतरताना उजवीकडे साचणारं पातळ इफ्युजन, जे झोपवून काढलेल्या एक्स-रेत सहज निसटतं. टीबी: आत जाळी पडलेलं इफ्युजन. आणि धाप भरपूर पण ए-लाइन, स्लायडिंग दोन्ही व्यवस्थित, असा एक दमा नक्की घाला.

न्यूमोथोरॅक्सच्या केसला आमच्याकडे एक जास्तीचा प्रश्न जोडलाच पाहिजे. स्लायडिंग दिसलं तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, हे पक्कं. पण दिसलं नाही म्हणून तो आहेच, असं होत नाही. जुन्या टीबीने प्लुरा चिकटलेला असतो, मोठा बुला (फुप्फुसातला हवेचा फुगा) असतो, प्लुरोडेसिस (प्लुरा मुद्दाम चिकटवणं) झालेलं असतं, ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये गेलेली असते. स्लायडिंग नाही, बी-लाइन नाहीत, लंग पल्स नाही, आणि कुठेतरी लंग पॉइंट (सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथे भेटतात ती जागा) सापडला, तर निदान पक्कं. लंग पॉइंटची क्लिप दाखवताना अर्ध्या स्क्रीनवर सरकणारं आणि अर्ध्यावर थांबलेलं, हे मुलांना स्वतः शोधू द्या. बाण काढून दाखवलात तर बाणच लक्षात राहतो. रुग्ण अत्यवस्थ असेल तर लंग पॉइंट शोधत बसायचं नाही, हेही त्याच वेळी सांगा.

परीक्षेचे दोन भाग वेगळे ठेवा, गुणही वेगळे. हाताचा भाग पाच मिनिटांचा, जिवंत छातीवर: खूण कुठे, बॅट साइन, स्लायडिंग दाखव, डायफ्राम दाखव, सहाही झोनची नावं सांग. डायफ्राम न दाखवता खालच्या झोनबद्दल बोलला तर त्या झोनचे गुण नाहीत. दुसरा भाग क्लिपांचा, दर क्लिपला एका ओळीत 'काय दिसतंय' आणि वेगळ्या ओळीत 'त्यावरून काय वाटतंय'. बहुतेक मुलं पहिली ओळ गाळून थेट निदानावर उडी मारतात, म्हणून पहिलीला जास्त गुण. महिना-दीड महिन्याने वेगळ्या क्लिपांवर हाच भाग पुन्हा घ्या. हात आणि नजर यांपैकी काय आधी विसरलं जातं ते तुमच्या बॅचपुरतं कळेल.

जिलेटिनवाला

मॅनिकिन घ्यायचंच ठरलं, निधी त्याच हेडखाली खर्च करायचा आहे म्हणून, तर टेंडरच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे लिहून घ्या: कोन बदलल्यावर चित्र बदललं पाहिजे, स्वतःच्या क्लिपा भरता आल्या पाहिजेत, केसमधले टॅग हलवता आले पाहिजेत, सॉफ्टवेअरचं लायसन कायमचं, वार्षिक फी नको, वरची कातडी सुटी मिळाली पाहिजे आणि तिचा दर आत्ताच ठरला पाहिजे. प्रोबची वायर जिथे प्रोबला जोडलेली असते तिथेच आधी तुटते, म्हणून जादा प्रोब एक. जेली त्यावर वापरायची की नाही तेही विचारा. काही मॉडेलना चालत नाही, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी सवयीने ओतणारच.

बिनभूल

किरणोत्सारी यांचं खोलीबद्दलचं म्हणणं मान्य, स्लायडिंग लिनिअरवर आणि बी-लाइन कर्व्हिलिनिअरवर असंच ठेवा. वॉर्ड_नंबर_बारा, तुम्ही आठ सत्रांना जेलीच्या पाच लिटरच्या कॅनमधून छोट्या बाटल्या भरून घ्याल तर बाटल्या धुऊन पूर्ण वाळवूनच भरा, अर्ध्या भरलेल्या बाटलीत वरून ओतू नका. आणि सत्राआधी बाटली उलटी ठेवा. हवा तोंडाशी राहिली तर पहिल्या मुलाच्या चार मिनिटांतली एक फुसफुस आवाजातच जाते.